चार्जर भिंतीवर, भिस्त अर्थिंगवर

विजेवरची गाडी घेतलेल्या आणि घ्यायच्या बेतात असलेल्या वाचकांची पत्रं सध्या बरीच येताहेत. ‘कुठला चार्जर घेऊ’ असं बहुतेक जण विचारतात. उत्तर मात्र बहुतेक वेळा चार्जरच्या मागे सापडतं, म्हणजे वायरीत, स्क्रूखाली आणि जमिनीत गाडलेल्या पाइपात. निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर होतात. गाडीबरोबर १५ अँपिअरच्या प्लगचा पोर्टेबल चार्जर मिळाला आहे. शोरूमवाले ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचा चार्जर) घ्याच म्हणतात. घरात सिंगल फेज आहे. काय करावं? (नाशिक)

आधी आपल्या वापराचा हिशेब मांडा. मध्यम आकाराची गाडी एका युनिटमध्ये साधारण ७ किलोमीटर जाते. ४० किलोमीटरला बॅटरीतून पावणेसहा युनिट जातील. चार्ज होताना दहा-बारा टक्के वीज वाया जाते, तेव्हा मीटरवर साडेसहा युनिट धरा. १५ अँपिअरचा चार्जर तासाला सुमारे ३ युनिट देतो, म्हणजे तुमचं काम सव्वादोन तासांत होतं. रात्री ११ ते सकाळी ६ गाडी लावून ठेवली तर १३० किलोमीटरची सोय होते. तुम्हाला वॉलबॉक्सची गरज नाही. ते पैसे स्वतंत्र वायर आणि चांगल्या अर्थिंगवर घाला.

वॉलबॉक्स कुणी घ्यावा? ज्यांची बॅटरी ६० किलोवॅट-अवरच्या (म्हणजे ६० युनिटच्या) वर आहे आणि रोजची धाव दीडशे किलोमीटरच्या पुढे जाते, किंवा ज्यांच्या घरी दोन गाड्या आहेत, किंवा जे रात्री एकला येऊन पहाटे पाचला निघतात, त्यांनी. घेण्यापूर्वी गाडीच्या आतला ‘ऑनबोर्ड चार्जर’ किती किलोवॅटचा आहे ते बघा. भिंतीवरची पेटी फक्त एसी वीज पुढे देते, बॅटरीला लागणारी डीसी वीज तिच्यापासून गाडीतच होते. गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल तर भिंतीवर ७.२ चा लावा की २२ चा, गाडी ३.३ च घेणार. टियागो ईव्हीसारख्या गाडीत दोन्ही प्रकार आले आहेत, तेव्हा मॉडेलच्या नावावर न जाता आपल्या व्हेरिएंटचा कागद वाचा. ११ किलोवॅटसाठी घरात थ्री फेज हवं आणि गाडीही तीन फेजवर चार्ज होणारी हवी.

७.२ किलोवॅटचं ठरलंच तर मीटरजवळ जाऊन त्याच्या तोंडावर छापलेले आकडे वाचा. ‘५-३०’ असं काही लिहिलेलं असेल तर ३० अँपिअर ही त्या मीटरची कमाल मर्यादा. वॉलबॉक्स एकटाच ३२ अँपिअर ओढतो, त्यात गिझर आणि एसी वेगळे. बिलावरचा ‘मंजूर भार’ही पाहा. तो २ किंवा ३ किलोवॅट असेल तर भारवाढीचा अर्ज आधी, पेटी नंतर. पुष्कळ वॉलबॉक्समध्ये करंट १६ किंवा २४ अँपिअरवर बांधून ठेवता येतो. भारवाढ होईपर्यंत तसा ठेवावा.

बिलाचंही गणित करा. साडेसहा युनिट रोज म्हणजे महिन्याला १९५. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. तुमचा घरचा वापर १८० युनिटचा असेल तर गाडीमुळे तो ३७५ होईल आणि वरची ७५ युनिटं पुढच्या टप्प्याच्या दराने पडतील. वापर याहून मोठा असेल तर गाडीसाठी वेगळी जोडणी परवडते का, हे चालू दरपत्रक समोर ठेवून बघा.

प्रश्न : १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी दोन महिने व्यवस्थित चार्ज झाली. आता प्लग चटके बसण्याइतका तापतो, सॉकेट एका बाजूला पिवळं पडलंय. एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) एकदाही पडला नाही. याच सॉकेटवर पूर्वी गिझर वर्षानुवर्षं चालला. (ठाणे)

आजपासून त्या सॉकेटवर गाडी लावू नका. आधी ते उघडून बघा, म्हणजे कारण समजेल. डीबीतून, म्हणजे घरातल्या मुख्य वीजपेटीतून, वीज बंद करा, टेस्टरने खात्री करा आणि प्लेट काढा. समोरून पाहताना उजव्या हाताचं भोक फेजचं असतं. पिवळेपणा तिथेच दिसेल, आणि मागे त्याच टर्मिनलवरच्या वायरीचं इन्सुलेशन कडक होऊन तडकलेलं असेल. तांब्याच्या तारा लालसर न राहता काळपट-जांभळ्या झालेल्या असतील. पुष्कळदा स्क्रू पाव फेरा सैल निघतो. कधी स्क्रूखाली तारांऐवजी इन्सुलेशनच चिमटलेलं असतं, तर कधी वळलेल्या तारांपैकी निम्म्याच आत गेलेल्या असतात.

अशा सांध्याचा रोध ०.१ ओहम इतका किरकोळ असला तरी १५ अँपिअरला तिथे २२ वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची छोटी इस्त्री साधारण २५ वॉटची असते. म्हणजे एका स्क्रूवर इस्त्री टेकवून सहा तास ठेवल्यासारखं होतं. गिझर वीस मिनिटांत बंद होतो, सांधा निवतो, म्हणून वर्षानुवर्षं काही बिघडलं नाही. गाडी रात्रभर थांबत नाही. एमसीबी पडत नाही, कारण करंट १५ अँपिअरच आहे, वाढलेला नाही. सांधा तापतोय हे एमसीबीला कळण्याची सोयच नसते.

सॉकेट बदलून काम संपत नाही. डीबीपासून गाडीपर्यंत स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ओढा, मधे जोड नको, आणि त्या लाइनीवर दुसरा एकही पॉइंट नको. तिला २० अँपिअरचा सी कर्व्हचा डबल पोल एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा, टाइप ए आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच; त्याच्या प्रकारांबद्दल पुढे चिपळूणच्या उत्तरात) लावा. सॉकेट जाड पितळी टर्मिनलचं, धातूच्या पेटीतलं घ्या. शोभेच्या पातळ मॉड्युलर प्लेटमधलं नको. वायरीच्या टोकाला फेरूल किंवा पिनचा लग (तारा एकत्र धरणारी धातूची टोपी) पकडीने दाबून, म्हणजे क्रिम्प करून, मग स्क्रू आवळा. टोकावर कथील ओतून घेण्याची काही वायरमनची सवय इथे घातक ठरते, कारण कथील दाबाखाली हळूहळू सरकतं आणि स्क्रू सैल होतो. महिन्याभराने एकदा वीज बंद करून स्क्रू पुन्हा आवळा. तांब्याच्या तारा दाबाखाली बसतात, त्यामुळे पहिल्या महिन्यात थोडी ढील येतेच.

चार्जरचा जुना प्लग तपासा. पिना काळवंडल्या असतील तर नवं सॉकेटही त्या आठ दिवसांत जाळतील. पिनांवर पॉलिश पेपर घासू नका, वरचा मुलामा जातो. प्लग कापून स्वतः दुसरा बसवू नका. काही चार्जरच्या प्लगमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो आणि वॉरंटीही जाते. सर्व्हिस सेंटरमधून बदलून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड आणि मल्टिप्लग पूर्ण वर्ज्य.

काम झाल्यावर पहिल्या रात्री तासाभराने प्लगवर हात ठेवा. कोमट लागला तर ठीक. पाच सेकंद हात ठेवता येत नसेल तर चार्जिंग थांबवा आणि वायरमनला परत बोलवा.

प्रश्न : जांभ्यावरचं घर. चार्जर लावला की ‘अर्थ फॉल्ट’चा लाल दिवा लागतो. वायरमनने फेज आणि अर्थिंगमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून दाखवला, लख्ख पेटला. अर्थिंग उत्तम आहे म्हणतो. सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थला छोटी वायर मारली की चार्जर चालू होईल, असंही सुचवतो. (चिपळूण)

ती वायर मारू देऊ नका. या पत्रातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. त्या तुकड्यामुळे चार्जरची तपासणी फसते, दिवा हिरवा होतो आणि गाडीचा पत्रा थेट न्यूट्रलला जोडला जातो. पावसाळ्यात खांबावर न्यूट्रल तुटला की चार्जरमधून आलेली फेजची वीज त्याच तुकड्यातून पत्र्यावर येते. रबरी चाकांवर उभी गाडी आणि ओल्या अंगणात उभा माणूस, मधे फक्त दाराचा हात. शिवाय गळती न्यूट्रलनेच परत जाऊ लागली की आरसीसीबीला ती दिसत नाही. म्हणजे वाचवणारं उपकरणही आंधळं होतं.

आता बल्बचं. १०० वॉटच्या बल्बचा रोध जळताना सुमारे ५३० ओहम असतो. समजा, तुमचं अर्थिंग अगदी वाईट, १०० ओहमचं आहे. तरी बल्बला २३० पैकी १९३ व्होल्ट मिळतात आणि तो छान पेटतो. त्याच अर्थिंगवर फेज पत्र्याला चिकटली तर फक्त २.३ अँपिअर जमिनीत जातील. १६ अँपिअरचा एमसीबी त्याने जन्मात पडणार नाही आणि पत्रा जिवंत राहील. बल्ब पेटला म्हणजे अर्थची वायर कुठेतरी जमिनीला पोचली आहे, एवढंच सिद्ध होतं. खरं मोजमाप अर्थ टेस्टरनेच होतं. त्यात मुख्य इलेक्ट्रोडपासून दूर दोन खिळे ठोकून ओहममध्ये आकडा वाचतात. टेस्टर असलेला परवानाधारक ठेकेदार बोलवा, आणि मोजणी एप्रिल-मेमध्ये करून घ्या. ऑगस्टमध्ये भिजलेल्या जमिनीत कुठलंही अर्थिंग चांगलंच दिसतं.

जांभा सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवत नाही, उन्हाळ्यात कोरडा पडतो. फूटभर खणून पत्र्याचा तुकडा पुरलेलं अर्थिंग म्हणूनच तिथे टिकत नाही. ४० मिलिमीटर व्यासाचा जीआय पाइप किमान अडीच मीटर खोल जायला हवा. जांभ्यात त्यासाठी बोअरच मारावा लागतो. जागा निवडताना मोरीचं किंवा विहिरीवरचं पाणी जिरतं तिथली निवडा. पाइपाभोवती बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) भरा, ते ओल धरून ठेवतं. कोळसा आणि मिठाची जुनी पद्धत सुरुवातीला चांगला आकडा देते, पण मीठ पावसात वाहून जातं आणि जाताना पाइप खातं. एका पाइपाने भागलं नाही तर दुसरा, पहिल्यापासून किमान पाच मीटरवर घाला आणि दोन्ही जोडा. जवळजवळ घातलेल्या दोन पाइपांचा फायदा एकाइतकाच मिळतो. ५ ओहमच्या आत आणायचा प्रयत्न करा. नवं अर्थिंग घराच्या जुन्या अर्थिंगलाही जोडलंच पाहिजे. एका घरात दोन सुटी अर्थिंग ठेवू नयेत.

इतकं करूनही खडकात १५-२० ओहमवर अडकलात तर? तिथे आरसीसीबी उपयोगी पडतो. २० ओहमवर दोष आला तर ११ अँपिअर जमिनीत जातात, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात पडतो. फक्त तो योग्य प्रकारचा हवा. स्वस्तात मिळणारा असतो टाइप एसी. गाडीच्या चार्जिंगमध्ये डीसी गळती होऊ शकते, तिने टाइप एसीचा गाभा चुंबकाने भरून जातो आणि खरी गळती आली तरी तो हलत नाही. म्हणून चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी ओळखण्याची सोय असेल तर टाइप ए चालेल, नसेल तर टाइप बी लागेल. चार्जरच्या पुस्तिकेत हे दिलेलं असतं. गाडीची लाइन घराच्या मुख्य आरसीसीबीच्या आधी काढा. नाहीतर घरचा जुना टाइप एसी वरच बसलेला राहतो आणि गाडीच्या गळतीने सगळ्या घराचं संरक्षण जातं. महिन्यातून एकदा ‘टी’ लिहिलेलं बटण दाबा. आरसीसीबी खाली पडला नाही तर त्याच दिवशी बदला.

प्रश्न : माझं पार्किंग मीटर रूमपासून ६० मीटरवर. सोसायटी म्हणते, परवानगी देणार नाही, आग लागेल. आणि वायर किती जाडीची घालू? (पिंपरी)

सोसायटीची भीती उडवून लावू नका, ती मीटर रूमपुरती खरी आहे. जुन्या इमारतीत खांबाकडून येणारी मुख्य केबल फ्लॅटमागे दोन-तीन किलोवॅट धरून घातलेली असते. वीस गाड्या एकाच वेळी ३.३ किलोवॅटने लागल्या तर ६६ किलोवॅट वाढतात. पहिल्या गाडीला अडचण नसते, आठव्या-दहाव्याला येते. म्हणून सोसायटीला द्यायच्या अर्जाबरोबर परवानाधारक ठेकेदाराचा एका पानाचा आराखडा जोडा. त्यात मीटरपासून पार्किंगपर्यंतचा केबलचा मार्ग, केबलची जाडी, दोन्ही टोकांचे एमसीबी, आरसीसीबीचा प्रकार आणि अर्थिंगची मोजणी असावी. काम झाल्यावर टेस्ट रिपोर्ट देण्याचं लेखी कबूल करा. ‘परवानगी द्या’ एवढंच लिहिलेल्या अर्जाला समिती काय उत्तर देणार?

केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणी मागता येते. जिथे वीज कंपनीला नवं जाळं उभारावं लागत नाही, तिथे नव्या जोडणीची मुदत महानगरात ३, इतर पालिका हद्दीत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवस अशी आहे. सोसायटीत आठ-दहा गाड्या होण्याची चिन्हं असतील तर एकेकट्याने साठ मीटरच्या केबली ओढण्यापेक्षा पार्किंगजवळ एकच स्वतंत्र जोडणी, प्रत्येकाला सबमीटर आणि एकूण करंट वाटून देणारे चार्जर, हा मार्ग सरळ पडतो.

वायरीचं उत्तर. ६० मीटरवर ३२ अँपिअर ६ स्क्वेअर एमएमच्या तांब्यातून नेले तर केबल गरम झाल्यावर सुमारे १४ व्होल्ट वाटेत पडतात, ६ टक्के. ते ४५० वॉट केबल तापवण्यात जातात. १० स्क्वेअर एमएमला हाच आकडा साडेआठ व्होल्टच्या आत येतो. आज १६ अँपिअरच घेणार असलात तरी केबल १० चीच घाला. ओढायची मजुरी तेवढीच लागते आणि पुढे करंट वाढवायचा तर भिंत पुन्हा उकरावी लागत नाही. केबल तीन कोअरची, आर्मर्ड (धातूच्या तारांचं कवच असलेली) घ्या, दोन्ही टोकांना ग्लँड (केबल घट्ट धरणारी धातूची कडी) लावून ते कवच अर्थ करा. १६ स्क्वेअर एमएम अॅल्युमिनियम रोधात १० च्या तांब्याइतकंच असतं आणि स्वस्त पडतं, पण बऱ्याच चार्जरची टर्मिनल फक्त तांब्यासाठी असतात. मधे बायमेटल लगचा, म्हणजे तांबं आणि अॅल्युमिनियम जोडणाऱ्या तुकड्याचा, जोड करावा लागतो, आणि दुखणं तिथेच सुरू होतं. आम्ही तांबंच सुचवू.

३२ अँपिअरसाठी एमसीबी ४० अँपिअरचा ठेवा. ३२ चा लावला तर तो मीटर रूमच्या उकाड्यात, शेजारच्या एमसीबींना चिकटून, दोन-तीन तासांनी विनाकारण पडतो. मग लोक चार्जरला दोष देतात.

प्रश्न : संध्याकाळी चार्जिंग मधेच थांबतं. स्टॅबिलायझर लावू का? शेतातल्या पंपाच्या कनेक्शनवर व्होल्टेज चांगलं असतं, तिथून घेतलं तर? (मिरज तालुका)

मल्टिमीटरने दोन जागी मोजा, मीटरपाशी आणि सॉकेटपाशी, गाडी चार्ज होत असताना. मीटरपाशी २२५ आणि सॉकेटवर २०५ दिसले तर दोष तुमच्या वायरीत आहे. जाड वायर घाला, सांधे तपासा. मीटरपाशीच १९० असेल तर तो खांबापासूनच्या सर्व्हिस वायरीचा किंवा ट्रान्सफॉर्मरचा प्रश्न. पुरवठा २३० च्या ६ टक्के वर-खाली, म्हणजे २१६ ते २४४ असायला हवा. वेळ आणि आकडा लिहून लेखी तक्रार करा. तोवर चार्जर १० अँपिअरवर ठेवा आणि गाडीतल्या टायमरवर मध्यरात्रीनंतरची वेळ लावा. स्टॅबिलायझर घेऊ नका. तो कमी व्होल्टेजवर लाइनीतून आणखी करंट ओढतो, त्यामुळे खांबाकडचं व्होल्टेज अजून खाली जातं.

पंपाच्या कनेक्शनवर गाडी लावू नका. शेतीच्या दराची वीज दुसऱ्या कामाला वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते.

प्रश्न : छतावर ३ किलोवॅटचं सोलर आहे. वीज गेली की त्यावर, किंवा इन्व्हर्टर-जनरेटरवर गाडी चार्ज होईल का? (सांगली)

ग्रिडला जोडलेलं साधं सोलर वीज गेली की स्वतः बंद होतं. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ती सोय आहे. घरचा ८५० व्हीएचा इन्व्हर्टर या कामाचा नाही. पेट्रोल जनरेटरचा न्यूट्रल बहुधा जमिनीला जोडलेला नसतो, म्हणून चार्जर अर्थ फॉल्ट दाखवतो. वीज असताना मात्र तुमचं सोलर दिवसाला सरासरी १२ युनिट देतं, म्हणजे गाडीची रोजची गरज भागवून काही उरतं.

प्रश्न : गाडी उघड्या अंगणात असते. पावसात चार्ज केली तर चालेल का? (फोंडा, गोवा)

गाडीच्या तोंडाशी असलेला टाइप २ कनेक्टर पाऊस सोसतो. जोडणी पक्की झाल्याशिवाय त्यात वीज येतच नाही. धोका भिंतीकडच्या तीन पिनांच्या सॉकेटचा. ते छपराखाली, झाकणाच्या पेटीत, जमिनीपासून चार फुटांवर हवं. पोर्टेबल चार्जरचा ठोकळा फरशीवर पडू देऊ नका, आणि तारेने लोंबकळतही ठेवू नका. त्याच्या वजनाने प्लग खाली ओढला जातो, वरची पकड सुटते आणि सॉकेट तापू लागतं. भिंतीत हूक मारून ठोकळा टांगा. केबल पेटीत खालून शिरू द्या आणि शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरून ठिबकून जातं.

पाइपाचं उघडं तोंड सिलिकॉनने बुजवा. पावसाळ्यात पाली आणि मुंग्या ऊब शोधत डीबीत शिरतात, आणि फेज-न्यूट्रलच्या मधे चिरडलेली एक पाल अख्खी रात्र वाया घालवते. मुख्य डीबीत टाइप २ सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक आलेला झटका अडवणारं उपकरण) बसवा. तरीही मे-जूनच्या आणि ऑक्टोबरच्या विजांच्या पावसात, गडगडाट लांबवर ऐकू आला की चार्जिंग थांबवून गाडीकडचा कनेक्टर आणि भिंतीचा प्लग दोन्ही काढून ठेवा. वीज डोक्यावर आल्यावर अंगणात उतरून ते काढायला जाऊ नका, घरातूनच एमसीबी पाडा.